तिसरा तास

धरणगावच्या आमच्या कॉलेजात मेंदूची एकच प्रतिकृती आहे,
जळगावहून एसटीत माझ्या मांडीवर बसून आलेली.
लहान मेंदूचा तुकडा केव्हाच हरवला.
उरलेलं सगळं रबरबँडने बांधून ठेवते
आणि सांगते, शरीराचा तोल इथून सांभाळला जातो,
बोट रिकाम्या खाचेत घालून.

मागच्या बाकावर चुडामण झोपलाय.
भुवईवर कापसाचा एक तंतू,
श्वास सुटला की हलतो.
दिवाळीपासून जिनिंगवर रातपाळी.
"रातले तठेच ऱ्हास, मॅडम,"
एवढंच म्हणाला होता एकदा,
दुसऱ्याच कुणाचा पत्ता सांगावा तसा.

फळ्यावर मी झोपेच्या पायऱ्या काढते.
पहिली शेवाळलेली,
पाय घसरल्यावरच कळतं की होती.
दुसरीत मेंदू लाटांची छोटी छोटी गुंडाळी करतो,
मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती.
इंग्रजीत तिला स्पिंडल म्हणतात.
"म्हणजे टकळी?" रमिला पावरा विचारते.
हो गं, टकळीच.
अकरा वर्षं शिकवतेय,
मला कधी सुचलं नाही
की इतक्या अंधारात कुणी सूत काततं.

तिसरी खोल.
लाटा उंच होतात, सावकाश,
तापीचं पाणी पावसाळ्यानंतर गाळ खाली ठेवत जातं तसं काहीतरी.
दिवसाची सरकी वेगळी, रुई वेगळी.
मग डोळे पापण्यांआड पळू लागतात
आणि हातपाय मात्र सोडून दिलेले,
स्वप्नात धावणाऱ्याने खाटेवरून उठू नये म्हणून.

हे सगळं मला पाठ आहे.
रात्री दोनला छताकडे बघत मी हेच म्हणत असते,
क्रमाने, नावांसकट,
आणि एक पायरी उतरता येत नाही.
खिडकीतून जिनिंगची घरघर येते.
तिकडे तो जागा, इकडे मी.
एका गावात दोन मेंदू उघडे,
त्यातल्या एकाला रोज मिळतो.

मागच्या महिन्यात प्रतिक्षिप्त क्रिया झाली.
नेहमीचं उदाहरण: तापलेला तवा, हात, मज्जारज्जू.
मेंदूला विचारत बसायला वेळ नसतो,
कणाच हुकूम सोडतो,
बातमी मागाहून वर जाते.
त्या दिवशी तो जागा होता.
न विचारता उभा राहिला.
"खरं शे, मॅडम.
रोलरमा हात जाई ऱ्हायंता.
हात पहिले मांगे उना,
भ्याव नंतर वाटनं."
वर्ग हसला.
मी त्याची बोटं मोजली, लांबूनच.
मग पुन्हा एकदा.

पुस्तकात पुढे एक वाक्य आहे,
अपुऱ्या झोपेने प्रतिसाद मंदावतो.
दोन गुणांना येतं.
तेव्हा मी ते गाळलं होतं, आज वाचायचं आहे,
आणि माझा आवाज आपोआप खाली उतरतो,
कुणाच्या घरी बाळ निजलेलं असावं तसा.
मुलंही पानं हळू उलटतात.
पंख्याला काय सांगणार.

बाकावर पसरलेला त्याचा उजवा हात
एकदम मागे येतो,
तिथे नसलेल्या कशापासून तरी.
पेन पडतं, घरंगळत
माझ्या चपलेपाशी थांबतं.
तो जागा होत नाही.
या वेळी कुणी हसत नाही.

"याला काय म्हणतात, मॅडम?"
रमिला अगदी हळू विचारते, वही उघडी ठेवून.

नाव आहे त्याला. मला येतं.
मी पेन उचलते,
त्याच्या बाकावर ठेवते,
काठापासून जरा आत.